घरची पैसेवारी

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसाला कोणतेही संकट कागदावर चढल्याखेरीज खरे वाटत नाही. पाऊस दगा देवो, वैनगंगेला पूर येवो, वा हाताशी आलेल्या धानाच्या बांध्या तुडतुडा फस्त करो. पीक रुपयात किती पैसे उतरले हे सांगणारी नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी अशा पायऱ्या ओलांडून आकडा 50 पैशांच्या खाली उतरल्यावरच ते संकट शासनदरबारी रुजू होते, हे भंडारा जिल्ह्यात मी इतकी वर्षे पाहत आलो की, 2019 साली देशात मंदी अवतरल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून प्रसृत झाली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न उद्भवला तो हाच, की हिची पैसेवारी काढली कोणी?

त्या वर्षीच्या सप्टेंबरात लाखनी तालुक्यातील गडेगावच्या अशोक लेलँड कारखान्याने 10 दिवस काम बंद ठेवण्याचे जाहीर केले, कारण ट्रकांची मागणी देशभरच ओसरली होती. जाणकारांनी कारणमीमांसाही केली. जुलै 2018 मध्ये ट्रकांना जादा भार वाहण्याची मुभा मिळाल्याने तोच माल थोडक्या ट्रकांत मावू लागला होता, एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम लागू व्हायचे असल्याने मालक हात आखडून बसले होते, आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था स्वतःच कर्जाच्या विवंचनेत होत्या. त्याच महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईत असे मत मांडले की, नवी पिढी हप्त्यांच्या फंदात पडून मोटार घेण्यापेक्षा ओला-उबरने फिरणे पसंत करते. मोटारींपुरते त्यात तथ्य असेलही. परंतु धानाची पोती उबरमध्ये घालून तुमसरच्या बाजार समितीत उतरविणारा शेतकरी निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

शिवाय हप्त्यांच्या फंदात न पडणारी ती नवी पिढी आमच्या घराचा उंबरठा ओलांडून आत आलेली नव्हती. आमचे चिरंजीव ट्रकांचे सुटे भाग घडविणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला. त्यांच्या पाळ्या घटल्या तसा पगारही घटला. हप्ते मात्र होते तेवढेच राहिले: वरच्या मजल्याचा हप्ता, मोटारसायकलचा हप्ता, फ्रिजचा हप्ता, आणि ज्या मोबाइलवर आमचे नातू मंदीविषयीचे विनोद पाहून खदखदा हसत, त्या मोबाइलचाही हप्ता.

वास्तविक मंदी या जिल्ह्याला नवी नव्हे. 1929 साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि पाठोपाठ जगभरच्या पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या, तेव्हा आजच्या तुमसर तालुक्यातील खाणींच्या मँगनीजला गिऱ्हाईक उरले नाही. धान्याचे भाव पुढच्या चार-पाच वर्षांत निम्म्यावर आले. परंतु लगान रोख द्यावयाचा आणि त्याचा आकडा ठरलेला, त्यामुळे जेथे पूर्वी एक पोते विकून भागत असे तेथे दोन पोती विकावी लागत. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, सोन्याचा भाव चढला, आणि हिंदुस्थानातील घराघरांतले दागिने मुंबईच्या बंदरातून लंडनकडे रवाना झाले. आमच्या आजीच्या पाटल्या त्याच मार्गाने विलायतेस गेल्या, अशी कुळात आख्यायिका आहे. घरातील परदेशगमनाचा मान आजतागायत त्यांनाच आहे. तात्पर्य, मंदीत उत्पन्न वाकते, पण रोखीचे देणे वाकत नाही. आजोबांनी ज्याला लगान म्हटले, त्यालाच चिरंजीव हप्ता म्हणतात. भेद एवढाच की, लगानाच्या वसुलीला निदान हाडामांसाचा माणूस दारात येत असे, आणि त्याला पाणी विचारता येत असे.

उत्पन्न वाकल्यावर खर्च वाकविणे क्रमप्राप्तच होते. 1931 च्या आर्थिक संकटात हिंदुस्थान सरकारने आपल्या नोकरांच्या पगारातून 10 टक्के कापले होते, हा दाखला देऊन मी घरात एक काटकसर समिती नेमली आणि ज्येष्ठतेच्या निकषावर अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. सौ.ने माझे वर्तमानपत्र बंद करण्याची सूचना मांडली, मी तिच्या मालिकांच्या वाहिन्यांवर बोट ठेवले, सूनबाईंनी चिरंजीवांच्या नागपूरच्या रविवारच्या फेऱ्या उकरून काढल्या, तर चिरंजीवांनी सूनबाईंच्या नावे येणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा विषय पटलावर घेतला. स्वतःच्या बाबीचा स्वयंस्फूर्तीने त्याग करण्यास सिद्ध झालेला सभासद म्हणजे केवळ आमचे नातू, ज्यांनी राष्ट्रीय संकटाची जाणीव ठेवून गणिताची शिकवणी तत्काळ सोडण्याची तयारी दर्शविली. आणि एकमताने फेटाळला गेलेला ठरावही तोच. गावच्या मंडईच्या जत्रेचा खर्च तर चर्चेलाही आला नाही, कारण दिवाळीनंतर तेथे दंडारीचा खेळ पाहण्यास आलेल्या सोयऱ्यांची निव्वळ चहावर बोळवण करणाऱ्या घरात पुढे मुली द्यायला कोणी धजत नाही, आणि आमचे धाकटे चिरंजीव अद्याप अविवाहित आहेत. अखेरीस सर्वांच्या अंगाला झळ न लागता कापता येईल अशी एकच बाब शिल्लक उरली, ती म्हणजे अध्यक्षांचे पान.

एवढ्यावर हप्ते भागणार नव्हते, म्हणून मी खात्यातल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे कुटुंबाच्या उत्पन्नाची पैसेवारी काढली, ती 42 भरली, आणि सूट-तहकुबी मिळण्याविषयी यथोचित अर्ज लिहून चिरंजीवांसह बँकेत गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्याने तो आदरपूर्वक शेवटपर्यंत वाचला आणि हात जोडून म्हणाला, ‘काका, सिस्टिममध्ये असा कॉलमच नाही.’ इंग्रजांच्या जुलमी राजवटीतही लगानाच्या दफ्तरात सूट आणि तहकुबी यांसाठी रकाने आखलेले असत. स्वतंत्र भारतातील गणकयंत्राला ते आखण्याचे सुचू नये, याचा मला महसुली विषाद वाटला.

घरी परततो तोच आमच्या रस्त्याकडेच्या गाळ्यात पानठेला चालविणारा भाडेकरू ओसरीवर वाट पाहत बसलेला. ‘काकाजी, या महिन्याचं भाडं पुढच्या महिन्यात घ्या नं,’ तो म्हणाला, ‘गिऱ्हाईकच नाही राह्यलं. घरमालकानंच पान सोडलं, त बाकीच्याइले काय म्हणावं?’ साऱ्यांनीच एकदम काटकसर आरंभिली तर साऱ्यांचेच उत्पन्न घटते, हे केन्स नामक इंग्रज पंडिताने 1936 साली भला मोठा ग्रंथ लिहून प्रतिपादिले; आमच्या समितीने तो सिद्धान्त आमच्याच भाड्यावर सिद्ध करून दाखविला होता.

मी त्याचा अर्ज तोंडी दाखल करून घेतला, बसल्या जागी चौकशी पूर्ण केली आणि भाड्यास बेमुदत तहकुबी मंजूर केली. रकाना नव्हता, पण समोर माणूस होता. मंदीच्या त्या साऱ्या काळात आमच्या घरच्या दफ्तरात मंजूर झालेली ती एकमेव तहकुबी होय. तिच्यावरील व्याज मी दररोज सायंकाळी कात-चुन्यासह वस्तुरूपाने वसूल करीत असून, ही बाब काटकसर समितीच्या निदर्शनास आणण्याची आवश्यकता अद्याप भासलेली नाही.