संगणकाची मंचकी निद्रा

आमची तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. भाद्रपदात घटस्थापनेच्या आधी, मग दसऱ्याचं सीमोल्लंघन आटोपून थेट कोजागिरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर. मूर्ती चल आहे, म्हणून सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात; हीच तिची मंचकी निद्रा. भक्तांचा एवढा गाडा ओढणारी देवी तिथ्या ठरवून अंग टाकते आणि कुणी चकार शब्द काढत नाही. कळंब तालुक्यातल्या माझ्या सेवा केंद्रातला संगणक मात्र वीस मिनिटं मागायला लागला की गाव माझ्या अंगावर येतं.

पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन उगवतो : 'अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा.' समोर सातबारा घेऊन तात्या बसलेले. "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस रं?" मी 'नंतर' दाबतो. माझ्या माऊसवर एवढ्याच एका हालचालीचा घट्टा पडलाय.

१९ जुलै २०२४ ला तर मी छाती काढून फिरलो. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट बिघडलं आणि जगभरातले ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. माझ्या खोक्याचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता, पण हे गावाला कशाला सांगा? "अपडेट केलं की असं होतंय," मी म्हणालो. "बगा, इमानं बसली," तात्यांनी पारावर शिक्कामोर्तब केलं. २०१७ ची गोष्ट मी सोयीने गिळली. त्या वर्षी विंडोजमधलं भोक बुजवणारं ठिगळ १४ मार्चलाच आलं होतं. ज्यांनी 'नंतर' दाबलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या फायलींना १२ मेला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातलं. इंग्लंडातल्या दवाखान्यांतून रोगी परत पाठवावे लागले.

बारा दिवसांनी माझी छाती आत गेली. ३१ जुलै, पीक विम्याचा शेवटचा दिवस. तेव्हा शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, आम्हाला कंपनीकडून अर्जामागे चाळीस. दारात चपलांचा ढीग. एका सोयाबीनवाल्याचा अर्ज अगदी शेवटच्या पानावर असताना संगणकाने परवानगी न विचारता डोळे मिटले. '३१ टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका.' एवढी सूचना वाचून होते तोच लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर मी पंखा आणि चहाची केटली लावलेली. त्याने एक हुंकार दिला आणि तोही निजला. मी सवयीने म्हणालो, "सर्व्हर डाऊन आहे." तात्या म्हणाले, "सर्व्हर हितंच, टेबलाखाली हाय व्हय?"

त्या रात्री मी सेटिंगमध्ये शिरून अपडेटचं बूडच उपटलं. पुढे वर्षभर संगणक अखंड जागा होता. जागरणाने माणूस बरळतो, तसा तो उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी रहिवासी छापायला लागला. (दाखल्यावरून आठवलं : २०२३ ला आमचं उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्हा अपडेट झाला, पण शेळी अजून उस्मानाबादीच. बाजारात ती जुन्या व्हर्जनवर खणखणीत चालते.)

मग कळलं, माझ्या संगणकातल्या विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार. त्याआधीच्या अपडेटची सगळी थकबाकी तरी चुकवावी म्हणून मुहूर्त शोधला. दाराशी लाडक्या बहिणींची ई-केवायसी, अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या. कोणता दिवस धरला तरी शिव्याच. शेवटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावर पुठ्ठा टांगला : 'संगणक मंचकी निद्रेत आहे.'

तात्या आले. पुठ्ठा वाचला, पायरीखाली वहाणा काढल्या, टोपी सारखी केली. आत डोकावून त्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि एकदम आवाज उतरवून विचारलं,

"सिंहासनावर कवा?"