उडती तबकडी कशी ओळखावी : नवशिक्यांसाठी, खास पिशोर आवृत्ती

साहित्य : एक मोबाइल, एक फोटो, फोटोत एक काळा किंवा चमकता ठिपका आणि ‘हे काय हाय बे?’ असं विचारणारा निदान एक दोस्त. कन्नड तालुक्यातल्या पिशोरला हे साहित्य जमवायला फार धावाधाव करावी लागत नाही. अजिंठ्याचे डोंगर, अंजना नदी, मका आणि अद्रकीची वावरं. बांधावर उभं राहून कुणीही फोटो काढला तरी निम्मं आभाळ फुकटात येतं, आणि आभाळात काही ना काही उडतच असतं.

आधी फोटोकडे बघूच नका. ज्यानं काढला त्याला गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर हिंडून आलेला फोटो तपासाच्या कामाचा राहत नाही. पाठवताना तो दाबून लहान केलेला असतो, बारकावे गेलेले असतात आणि फाइलच्या पोटातली वेळ, एक्स्पोजर वगैरे माहितीही गळालेली असते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा. पुष्कळ तबकड्या इथंच जमिनीवर उतरतात, कारण मूळ फोटो चुलतभावाच्या मेहुण्याकडे असतो आणि मेहुण्याचा मोबाइल नेमका विहिरीत पडलेला असतो.

फाइल मिळालीच तर एक्स्पोजर किती ते बघा. समजा, १/३० सेकंद. सेकंदाला तीन मीटर वेगानं जाणारा किडा तेवढ्यात दहा सेंटिमीटर सरकतो. मग फोटोत किडा उमटत नाही. उमटते एक लांबुळकी कांडी, दोन्ही अंगांना पंखांची झालर असलेली. अमेरिकेत १९९०च्या दशकात अशा कांड्यांना अज्ञात प्राणी ठरवणारे लोक निघाले होते. आपल्याकडे चतुर म्हणून सोडून द्यायला हरकत नाही.

फोटोत सूर्य किंवा दिवा असेल तर पट्टी घ्या. दिव्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ ओढा. पलीकडे त्याच रेघेवर तुमची हिरवट तबकडी बसलेली सापडली, तर ती भिंगाच्या आत झालेल्या परावर्तनातून आलेली आहे. पिशोरवर ती कधी आलीच नव्हती.

आता मुख्य धडा. ‘ट्रॅक्टरएवढी होती’ असं सांगणारा साक्षीदार प्रत्येक प्रकरणात असतो. त्याला चहा पाजा आणि विचारा, किती लांब होती? हात ताणून करंगळी धरली की ती आभाळाचा साधारण एक अंश झाकते. पौर्णिमेचा चंद्र भरतो जेमतेम अर्धा अंश. एक अंशाची दिसणारी वस्तू दहा किलोमीटरवर असेल तर ती पावणेदोनशे मीटरची, शंभर मीटरवर असेल तर पावणेदोन मीटरची, आणि नाकासमोर एका मीटरवर असेल तर पावणेदोन सेंटिमीटरची, म्हणजे गांधीलमाशी. फोटोत तिघींनी सारखीच जागा व्यापलेली असते. त्यामुळे अंतर माहीत नसताना आकार सांगणारा माणूस तज्ज्ञ असो की सरपंच, तो अंदाजच ठोकतो आहे. अंतर काढायचं तर आडोसे बघा. वस्तू लिंबाच्या फांदीमागं गेली का? डोंगराच्या पुढं दिसते का? पुढं असेल तर ती डोंगरापेक्षा जवळ आहे. एवढं ठरलं तरी निम्मा तपास संपला.

मग घड्याळ. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला एकच दिवा, न लुकलुकता, रोज त्याच सुमाराला? शुक्र. हसू नका. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये आपल्या जवानांनी चिनी ड्रोनच्या ३२९ नोंदी केल्या होत्या. शेवटी बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनं सांगितलं की ते गुरू आणि शुक्र आहेत. अर्थात प्रत्येक वेळी ग्रहावर ढकलूनही चालत नाही. २०२४च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीनं मराठवाड्यातली गावं जागत होती. ड्रोन असेल तर तो थांबतो, वळतो, माघारी येतो. शुक्राला हे जमत नाही.

मण्यांच्या माळेसारखी एका ओळीत चाललेली ठिपक्यांची रांग म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. २०१९पासून ते चढवले जात आहेत. ढगावर गोल चकत्या नाचताना दिसल्या, तर आधी लग्नाची तारीख बघा आणि डीजेवाल्याला शार्पीचे झोतदिवे बंद करायला सांगा.

एखाद्या वेळी मात्र खरोखरच काहीतरी येतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आभाळात जळत जाणारी रांग टिपली. पहिला निकाल लागला : उल्का. पण उल्का बहुधा क्षणा-दोन क्षणांत संपते. ही सावकाश, तुकडे सांडत, आडवी चालली होती. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो अवशेष असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. आमच्या मते नवशिक्यानं रोज पाहावेत ते हेच व्हिडिओ, कारण त्यात वेग, वेळ, दिशा आणि वस्तू चारही गोष्टी हाताशी आहेत. नुसत्या एका फोटोत यातलं फारसं काही नसतं, आणि तेव्हा वहीत ‘ओळख पटली नाही’ असं लिहावं. ‘परग्रहावरचं’ हा त्याचा समानार्थी शब्द नव्हे.

एक गोष्ट राहिली. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे सोडते. ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि अंधार पडल्यावरही वरच्या उन्हात चमकत राहतात. काम झालं की उपकरणांची पेटी पॅराशूटनं खाली येते, कधी महाराष्ट्रातही. तुमच्या अद्रकीत अशी पेटी पडली तर पाना घेऊन तिच्यावर बसू नका आणि भंगारात घालू नका. काही उपकरणांत घातक दाबाची वीज असते. जागेवरच ठेवा, फोटो काढा आणि पिशोर पोलीस ठाण्याला कळवा. कळवणाऱ्याला संस्था बक्षीस देते.