समभाग कोमट पाण्यातून

डिसेंबर उजाडला की आमच्या जिल्ह्यात निफाडला फार भाव येतो. एरवी कांद्याच्या आणि द्राक्षांच्या दरापुरतं आठवणारं हे गाव एकदम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाऊन बसतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ही बातमी नाशिककर इतक्या आपुलकीने वाचतात की जणू रात्रभर जागून तो त्यांनीच उतरवलाय. पाचाच्या खाली गेला की छाती फुगते. त्याहून खाली गेला की पुण्याच्या नातेवाइकांना फोन जातो. "तुमच्याकडे किती? अकरा? मग पंखा लावून झोपत असाल."

पण अभिमानाने ऊब येत नाही. आमची घरं बांधणाऱ्याने डोळ्यांपुढे फक्त मे महिना ठेवला होता. शहाबादी फरशी, उंच छत आणि प्रत्येक खिडकीला वाऱ्याच्या सोयीची एक फट. तिकडे निफाड-पिंपळगावकडचे बागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात. का, तर गारठ्याने द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत. नाशिक जिल्ह्यात थंडीत कुणाची काळजी घेतली जात असेल तर ती द्राक्षांची. माणसांना एक स्वेटर, तोही पुतण्याला लहान झालेला.

अशाच एका कडाक्याच्या संध्याकाळी माझ्या भाचीने श्टुटगार्टहून फोटो पाठवला. नाताळच्या बाजारात उभी, नाक लाल, हातात वाफाळता मग. "मावशी, ग्लूवाईन! गरम रेड वाईन, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. मगाचं डिपॉझिट घेतात, मग परत दिला की पैसे परत." मगाच्या डिपॉझिटने नवरा भारावला. मी मात्र यादीकडे बघत होते. दालचिनी, लवंग, चक्रीफूल डब्यात. नागपूरची संत्री टोपलीत. उरली वाईन. आणि वाईनसाठी नाशिककराने जर्मनीकडे बघायचं म्हणजे हद्द झाली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. सुलभा या आईच्या नावावरून तिचं नाव ठेवलं 'सुला'. आपल्याकडे आईचं नाव बंगल्याला देण्याची पद्धत आहे. बाटलीला देणारा मुलगा विरळाच. २००१ मध्ये राज्य सरकारने वाईन उद्योगासाठी धोरण केलं, विंचूरला वाईन पार्क काढलं, आणि बघता बघता नाशिक देशाची वाईनची राजधानी झालं. आता मुंबईचे लोक शनिवारी येऊन द्राक्षाच्या मळ्यात टोप्या घालून फोटो काढतात. आम्ही त्यांना रस्ता सांगतो.

रस्ता सांगण्यापलीकडे आमचा आणि वाईनचा संबंध नाही, हे आमचं अधिकृत धोरण. राजधानीत राहायचं, पण राजाशी बोलायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? डाळ-तांदळाशेजारी वाईन! उपोषणाचे इशारे निघाले, आणि निर्णय कागदावरच राहिला. त्यामुळे डाळ-तांदळासाठी एक दुकान आणि वाईनसाठी दुसरं, हे आजही कायम आहे.

ते दुसरं दुकान मोठं मजेशीर. पाटीवर भल्या मोठ्या अक्षरांत 'वाईन', आणि आत नजर पोचेल तिथवर व्हिस्की, रम, बिअर. खरी वाईन सगळ्यात वरच्या फळीवर, धूळ खात. काउंटरवरच्या पोराने मला बघून अदबीने विचारलं, "ताई, गिफ्ट द्यायचीय का?"

"नाही. गरम करायचीय."

तो क्षणभर थांबला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, ही थंड करून पितात."

मी त्याला रेड दाखवायला सांगितलं. भारीतली, ओकच्या पिंपात मुरवलेली बाटली या कामाला घेऊ नये. तिच्या नाजूक चवीवर लवंग-दालचिनी लादणं म्हणजे येवल्याच्या पैठणीचं पायपुसणं करणं. साधी, फळकट चवीची शिराझ किंवा झिनफांडेल चालते. आदल्या दिवशी उघडून उरलेली असली तरी चालते, आंबट ढाण झालेली नको. पोराने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली. निफाडच्या पाऱ्याची बातमी नेमकी बाहेरच्या बाजूला आली.

आता मुहूर्त. वाचकहो, मार्गशीर्षात वाईनसाठी दिवस शोधून दाखवा. गुरुवार गेले, एकादशा गेल्या, संकष्टी गेली, मधेच दत्तजयंती. सोमवारी सासूबाईंचा उपास, शनिवारी नवऱ्याचा मारुती. मी कालनिर्णयासमोर पेन घेऊन उभी राहिले, तेव्हा सासूबाईंना वाटलं मी मुंजीची तारीख बघतेय. अखेर एक बुधवार सापडला. त्या दिवशी सरकारी ड्राय डे नाही आणि देवाचाही नाही.

कृतीत अवघड काही नाही, पण धीर लागतो. पितळी पातेलं घेऊ नये, अॅल्युमिनियमचंही नाही; वाईन आंबट, ती धातूला लागते. सरळ स्टीलचं घ्यावं. एका बाटलीला अर्धी वाटी पाणी, तीन-चार चमचे साखर, दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, एक चक्रीफूल, दोन वेलदोडे. हे आधी नुसत्या पाण्यात उकळून घ्यायचं, म्हणजे मसाल्याचा सगळा जोर पाकात उतरतो आणि वाईनला फार वेळ चुलीवर ताटकळावं लागत नाही. संत्र्याची साल वरवरची, केशरी तेवढीच काढायची. आतला पांढरा पापुद्रा पातेल्यात गेला की कडू झालंच म्हणून समजा. मग गॅस बारीक करून वाईन ओतायची, आणि इथे आपल्या हाडीमाशी भिनलेली चहाची सवय आवरायची. उकळी येऊ द्यायची नाही. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांनाच उकळायला लागतं, वासही त्याच्याबरोबर जातो आणि मागे उरतं ते लवंगेचं कडूजहर पाणी. वाफ दिसावी, बुडबुडा दिसू नये.

"किती अंशांना बंद करायचं?" नवऱ्याने विचारलं. तो सातपूरच्या कारखान्यात आहे. आकडा सांगितल्याशिवाय त्याला काही पटत नाही. सत्तरच्या आसपास म्हटल्यावर तो आत जाऊन करोनाच्या काळात घेतलेली, कपाळावर रोखायची ताप मोजणारी बंदूक घेऊन आला. पातेल्यावर रोखली. बंदुकीवर लाल दिवा लागला, ती तीनदा किंचाळली आणि पडद्यावर 'हाय' अशी अक्षरं उमटली. "हिला ताप आहे," नवरा म्हणाला. वाईनला तपासून विलगीकरणात ठेवण्याचा आमच्या सोसायटीतला हा पहिलाच प्रसंग असावा.

एव्हाना वास जिन्यात पोचला होता. गॅलरीतून शेजारच्या वहिनींची हाक आली. "पाहुणे आलेत का हो? मसालेभाताचा वास सुटलाय!" मी नुसतीच हसले. नाशिकमध्ये हसण्याला होकार समजतात.

आणि त्या वासामागे सासूबाई आल्या. शाल, कानटोपी, पायांत मोजे, मोज्यांवर चपला.

"काय गं उकळतंय?"

"वाईन आहे, आई. द्राक्षांची."

"म्हणजे दारू."

"हो."

"घरात?"

मी गप्प. पातेल्यातून वाफ येत होती. सासूबाई पुढे आल्या, वाकून वास घेतला, पुन्हा घेतला.

"जायफळ घातलंस का?"

त्यांनी जायफळच का विचारलं, त्याचं उत्तर फ्रिजवर होतं. तिथे सासूबाईंची द्राक्षासवाची बाटली असते. गेली कित्येक वर्षं असते. एक संपायच्या आत दुसरी येते. नवऱ्याने ती काढली आणि चष्मा कपाळावर ढकलून मोठ्याने वाचायला लागला. मनुका. साखर. मध. धायटीची फुलं. लवंग. दालचिनी. वेलची. जायफळ. पिंपळी. आणि खाली बारीक अक्षरांत, त्यात आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाण. ही धायटीची फुलं मोठी कामाची. त्यांच्याबरोबर येणाऱ्या यीस्टमुळेच ते आंबतं. महिनाभर तोंड बंद करून मुरवतात. पूर्वी आतून तूप माखलेला घट धान्याच्या राशीत पुरून ठेवायचे. आपल्या वैद्यांना आंबवण्याचं तंत्र कुठल्याही जर्मनाने शिकवलेलं नाही.

"आई, हे आणि ते एकच आहे," नवरा म्हणाला.

"काहीतरीच. ते औषध आहे."

"कशावरून?"

"मोजून घेते म्हणून."

यावर कोणत्याही वाईनतज्ज्ञाने उत्तर देऊन दाखवावं. मला तर तिथल्या तिथे आपल्या सगळ्या घरांची पद्धत लख्ख कळली. आपल्याला मद्याचं वावडं नाही, मजेचं आहे. सर्दी झालेल्या पोराच्या छातीला ब्रँडी चोळणारी आजी कुणाच्या घरात नव्हती? खोकल्याने दुखणाईत मंडळी आसव-अरिष्टं घेतच आली. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेला काढा आठवा: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका. अख्खा देश सकाळ-संध्याकाळ द्राक्षं आणि दालचिनी गरम करून पीत होता, फक्त आंबवायचं तेवढं राहिलं. सरकारसुद्धा याच मताचं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे पिण्याचा परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी. आवडतं म्हणून पितो, असं लिहायला त्या अर्जात जागाच नाही. काहीतरी दुखत असलं पाहिजे.

आणि वाईन-मसाल्याची ही जोडी आजची नाही. ॲपिशियसच्या नावावर असलेलं रोमनांचं पाकशास्त्राचं पुस्तक मसालेदार वाईनच्या कृतीनेच सुरू होतं. मध, मिरी, केशर, खजूर. त्यातली मिरी आपल्या मलबारची. उलट 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-पुस्तकात भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरत असल्याची नोंद आहे, आणि त्याच बंदरात पैठणहून माल जायचा. म्हणजे आमच्या गोदाकाठाहून. आम्ही मिरी दिली, त्यांनी वाईन दिली. दोन्ही एका पातेल्यात घालायला मात्र मधे भाचीला जर्मनीत नोकरी लागावी लागली.

सासूबाईंनी स्वतः जायफळ किसलं. किसताना त्यांचा हात जरा सैल सुटला. मी काही बोलले नाही. मग सूचना सुरू झाल्या. आलं का नाही? गवती चहाच्या दोन पाती टाक. साखरेऐवजी गूळ का नाही? गुळाने रंग गढूळ होतो आणि खारटपणा उतरतो, हे मी सांगून बघितलं. "मग मध घाल. निवल्यावर हं, गरमात मध विष होतो." आणखी पाच मिनिटं त्यांना ओट्याशी राहू दिलं असतं तर पातेल्यात अडुळसाही पडला असता. मी गॅस बंद केला.

नवऱ्याने चहाच्या कपात घेतली. काच नको, बाहेरून दिसतं. पहिल्या घोटाला त्याचे कान लाल झाले, दुसऱ्याला तो कारखान्यातल्या बढतीबद्दल बोलायला लागला. मला पायांच्या बोटांपर्यंत ऊब गेल्यासारखं वाटलं. हे खोटं सुख बरं का. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटतं पण आतली उष्णता उलट बाहेर जाते. म्हणून ग्लूवाईन घेतल्यावर स्वेटर काढायचा नाही. नवऱ्याने काढला होता. पुढचे दोन दिवस तो शिंकत होता, आणि त्याचं खापर त्याने संत्र्याच्या सालीवर फोडलं.

सासूबाई मात्र शिस्तीच्या. त्यांनी द्राक्षासवाच्या बाटलीचं टोपण धुऊन आणलं. त्याने मोजून दोन टोपणं घेतली, तितकंच कोमट पाणी वाटीत घातलं, जेवण झाल्याची खात्री करून घेतली, देवघराकडे पाठ केली आणि डोळे मिटून एका दमात प्यायल्या. तोंड वाकडं केलं. औषध घेतल्यावर करायचं असतं तेवढंच.

"लवंग जास्त झालीय. आणि पिंपळी नाही घातलीस."

सकाळी मी जरा घाबरतच विचारलं, "आई, झोप लागली का?"

"झोपेचं नाही सांगता येत. पोट साफ झालं."

हा निकाल त्यांनी माझ्यापुरता ठेवला नाही. मी चहा गाळत असताना त्या गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या आणि पलीकडच्या वहिनींशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. दहा वाजता बेल वाजली. दारात वहिनी, पदराखाली स्टीलची झाकणाची बरणी.

"कालचं ते औषध थोडं उरलंय का हो? ह्यांना गॅसेसचा फार त्रास आहे." मग आवाज आणखी उतरवून, "जेवणाआधी द्यायचं की नंतर?"