बर्फाची आणेवारी

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात स्कीइंगचं मंडळ कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे कशाकशाची मंडळं निघतात ते एकदा येऊन बघावं. आमचं मंडळ मुळात सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं. डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून चालणारे, डॉक्टरनं काहीच सांगू नये म्हणून चालणारे आणि घरात बसलं की कामं निघतात म्हणून चालणारे, असे तिन्ही गट त्यात गुण्यागोविंदानं नांदतात. एका सकाळी मेडिकलवाल्यांच्या मोबाइलवर गुलमर्गचा व्हिडिओ आला. पायाला लांब पट्ट्या बांधून एक माणूस डोंगरावरून सरसर खाली येत होता.

"ह्याच्यात चालायचं नसतंय?" निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं. नसतंय म्हटल्यावर ठराव जागेवर मंजूर झाला.

मग पदं वाटली. अध्यक्ष अर्थातच गुत्तेदार. रस्त्याची कामं केलेला माणूस असल्यामुळे लोक कुठं घसरतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, सल्लागार असं करत करत साधा सभासद म्हणून मी एकटाच उरलो. त्यामुळे पुढं 'सर्व सभासदांनी' अशी सुरुवात करून जेवढे ठराव झाले, ते सगळे मलाच उद्देशून होते. मुख्याध्यापकांनी इतिहास काढला: गुलमर्गला १९२७ मध्येच ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापन केला होता. आपल्याकडे तेव्हा निजाम. "त्यांच्यात कोषाध्यक्ष कोण होता?" आमच्या कोषाध्यक्षांनी विचारलं. ते कुठं सापडलं नाही, तेव्हा क्लब टिकला कसा, याबद्दल त्यांची शंका कायम राहिली.

बर्फ आम्हाला अगदीच अनोळखी होता असं मात्र नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तेव्हा शेतं पांढरी झाली होती. तो बर्फ न बोलावता आला, ज्वारी-गहू झोपवून गेला आणि मागं पंचनामे ठेवून गेला. पैसे भरून बघायला जायचा बर्फ, हा प्रकार नवा होता.

निघायची तारीख येळवशीनंतरची. २०२४ साली येळवस ११ जानेवारीला होती, आणि येळवशीची भज्जी-आंबील सोडून परगावी जाणारा माणूस लातूर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. येळवस केली, पण जोर नव्हता. आदला ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून नोंदला गेला होता. सोयाबीननं मान टाकली होती आणि हरभऱ्याची आशा धरून सगळे बसले होते. "चला, निदान डोळ्याला तरी पाणी बघू, घट्ट का असंना," सल्लागार म्हणाले. हे सल्लागार म्हणजे निवृत्त कृषी सहायक. पुढच्या सगळ्या गोष्टीचे नायक तेच आहेत.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस पकडली. ह्या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे वाटेतल्या स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात. प्रवाशानं आपलं भांडं पुढं करायचं. भाजी, डाळ, पोळी आपोआप पडते. आमच्याजवळ धपाट्यांच्या आणि शेंगाच्या चटणीच्या डब्यांचा ढीग होता. तरी प्रत्येक स्टेशनावर सगळ्यात आधी दारात कोषाध्यक्ष. जेवणखर्चाच्या रकान्यात त्यांनी दिल्लीपर्यंत शून्य लिहिलं आणि त्या शून्याकडे ते पुन्हा पुन्हा वही उघडून बघत होते.

अमृतसरहून विमान. श्रीनगर जवळ आलं तशी सगळ्यांनी काचेला नाकं लावली. सल्लागारांनी एकदाच खाली बघितलं आणि आयुष्यभर ज्या आवाजात साहेबांना अहवाल दिला त्याच आवाजात म्हणाले, "खालचे डोंगर उघडे आहेत."

टंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्यानं देणारी दुकानं आहेत. तिथून गुलमर्ग वर तेराएक किलोमीटर.

"वर बर्फ आहे?"

"नहीं है, साब."

"मग बूट कशाला?"

"आ गया तो?"

हे उत्तर आम्हाला पाठ होतं. दर जूनला बियाण्याच्या दुकानात हेच ऐकून आम्ही पिशव्या उचलतो. सगळ्यांनी गुपचूप बूट घेतले.

गुलमर्ग २,६५० मीटर उंचीवर. जानेवारीचा मध्य. व्हिडिओत जिथं पांढरंशुभ्र दिसलं होतं, तिथं पिवळं करपलेलं गवत मैलभर पसरलेलं. थंडी दातावर दात आपटणारी आणि बर्फाचा पत्ता नाही. जानेवारी २०२४ मधलं ते उघडंबोडकं गुलमर्ग पुढं देशभरच्या बातम्यांत आलं. आम्ही त्या बातमीत गमबूट घालून उभे होतो. बाकीचे पर्यटक चिडले होते, कुणी बुकिंगचे पैसे परत मागत होते. हॉटेलवाल्यानं आमची हात जोडून माफी मागितली. आभाळाच्या वतीनं माफी मागणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. गुत्तेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू द्या हो, होतंय असं." त्या दिवशी गुलमर्गात न चिडलेली टोळी एकच होती. एरवी आम्ही परगावी बावरतो. इथं मात्र पाय ठेवताच सगळं ओळखीचं वाटलं.

संध्याकाळी एक घोडेवाला चाचा शेकोटीला बसला. फेरनच्या आत कांगडी धरून त्यानं आपलं पंचांग सांगितलं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ले कलां', मग वीस दिवसांचं 'चिल्ले खुर्द', मग दहा दिवसांचं 'चिल्ले बच्चा'. खरा बर्फ पडायचा तो पहिल्या चाळीस दिवसांत, तोच टिकतो. तो पडला नाही तर उन्हाळ्यात झेलमला पाणी कमी, सफरचंदाच्या बागेला ओल कमी. सल्लागार सरसावून बसले. त्यांनी मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी सगळी नक्षत्रं ओळीनं उभी केली आणि कळीचा प्रश्न विचारला, "आपके चिल्ले का वाहन कौन सा है?"

चाचाला 'वाहन' तेवढं कळलं. बाहेर बोट दाखवून म्हणाला, "घोडा. पाँच सौ रुपया."

नक्षत्राचं वाहन घोडा असलं की पाऊस डोंगरावर, असं आमच्याकडे मानतात. डोंगरावर तर आम्ही बसलोच होतो. पंचांगावरचा विश्वास दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उडाला.

आपला पाऊस समुद्रावरच्या मान्सूननं येतो. यांचा बर्फ भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावातांवर स्वार होऊन येतो. त्या वर्षी झंझावात आलेच नाहीत म्हणा ना. एल निनोचं नाव ऑगस्टात आमच्याकडे घेतलं गेलं आणि जानेवारीत तिथंही. खोऱ्यातल्या मशिदींमधून बर्फासाठी खास नमाज पढली गेली होती. आमच्याकडे पोरं धोंडी काढतात, महादेवाची पिंड पाण्यात कोंडतात. चाचानं ते सगळं अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. देवाला कोंडण्याची कल्पना त्याला पटली नसावी, पण परिणाम काय होतो हे त्यानं विचारलंच.

दुसऱ्या दिवशी सल्लागार सकाळी काठी घेऊन मैदानात. पावलं टाकत, मधूनच एखाद्या खड्ड्यातला बर्फाचा डाग काठीनं टोचत त्यांनी चौफेर पाहणी केली. स्कीचा शिक्षक कुतूहलानं मागं मागं फिरत होता. शेवटी निकाल जाहीर झाला: "नजर आणेवारी तीस पैसे. पन्नासच्या आत आहे. दुष्काळ जाहीर करायला हरकत नाही."

"उससे क्या होगा?" शिक्षकानं विचारलं.

सल्लागारांनी यादीच वाचली. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफ. शिक्षक विचारात पडला. त्याचं काहीच त्यात बसत नव्हतं. "परीक्षा शुल्क बघा की," मुख्याध्यापक त्याला धीर देत म्हणाले.

आलोच आहोत तर शिकायचं ठरलं. देवदारांच्या सावलीत, ऊन न लागणाऱ्या कोपऱ्यात, कडक बर्फाचा एक पट्टा शिल्लक होता. शिक्षकानं आधी सांगितलं की घाबरलं की माणूस मागं रेलतो, आणि मागं रेललं की स्की सुसाट सुटते. म्हणून जिथं जायची भीती वाटते तिकडंच झुकायचं. थांबायचं असेल तर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. ठरावानुसार पहिला मान साध्या सभासदाचा. मी शास्त्रशुद्ध मागं रेललो. त्यानंतर अध्यक्ष. त्यांनी अख्खा पट्टा दिमाखात पार केला. पुढं गवत लागल्यावर स्की थांबली, अध्यक्ष थांबले नाहीत.

सल्लागार मात्र वेगळे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ह्यात त्यांची नोकरी गेली. समतल चर, बांधबंदिस्ती, नाला बंडिंग. उतारावरून जे खाली जातंय ते जाऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या रक्तातला नियम. त्यांनी पट्टा निरखला, काठीनं हवेत एक समपातळी रेषा ओढली आणि दोन्ही स्की उताराला बरोबर आडव्या टेकवून उभे राहिले. हलले नाहीत. शिक्षक टाळ्या वाजवायला लागला, कारण स्कीइंगचा पहिला धडा हाच असतो, आणि तो शिकवायला त्याचा निम्मा दिवस जातो. दुपारपर्यंत सल्लागार तसेच उभे होते. एक इंच खाली नाही. मंडळातले सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांचं नाव तिथंच इतिवृत्तात लिहिलं गेलं.

शिक्षकानं अभिमानानं टंगमर्गच्या आरिफ खानचं नाव सांगितलं. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून तो एकटाच खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या. "पंचेचाळिसावा? गुणवत्ता यादीत नाही?" मग लातूर पॅटर्न कसा असतो, पहाटे किती वाजता उठवतात, सराव परीक्षा किती, हे त्यांनी शिक्षकाला समजावून सांगितलं. बीजिंगला ज्या बर्फावर स्पर्धा झाल्या तो जवळजवळ सगळा यंत्रानं केलेला होता, असं शिक्षक म्हणाला. थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवायचे, खाली पडेपर्यंत बर्फ. "तुषार सिंचनच की हे," सल्लागार उताराला आडवे राहूनच ओरडले. "अनुदान किती टक्के?"

रात्री त्यावर बैठक झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. तसं इथं आणता येईल का, असा मुद्दा निघाला. "आणायचं कुठून?" ह्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चाकूरहून, असं कुणी म्हणालं नाही.

गोंडोल्यानं वर अफरवतपर्यंतही जाऊन आलो. तिथं थोडा बर्फ होता, वारा फार होता, फोटो निघाले. त्यापेक्षा लक्षात राहिला तो चहाच्या टपरीवर भेटलेला सीमा सुरक्षा दलाचा जवान. कुठून आलात विचारल्यावर आम्ही सवयीनं "लातूर के पास" म्हणालो. "चाकूर?" तो म्हणाला. आमच्या गावाजवळच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात त्याचं प्रशिक्षण झालं होतं. हिमालयात कुणीतरी चाकूर हे नाव आमच्याआधी उच्चारलं, म्हणून अध्यक्षांचा ऊर भरून आला. ह्या थंडीत कसं निभतं, असं त्यांनी आस्थेनं विचारलं. "ये तो कुछ नहीं है, साब," जवान म्हणाला. "मई में आपके यहाँ दौड़े हैं हम."

आम्ही परतलो आणि महिनाअखेरीस तिकडं बर्फ सुरू झाला. फेब्रुवारीत शिक्षकाचा व्हिडिओ आला. तेच मैदान आता पांढरं, आमचे देवदार अर्धे बुडालेले. पाठोपाठ फोन. "आ जाओ साब, अब असली मज़ा है."

अध्यक्षांनी खेद व्यक्त केला. "अभी नहीं जमेगा. हरभरा निकालना है."

"हरभरा क्या?"

"चना, चना."

"चना तो इधर भी मिलता है, साब."

कोषाध्यक्षांनी फोन हिसकावून घेतला. "क्या भाव?"