सिंगल हँड, डॉक्टरची

वाशिमात जुनी डिझेल गाडी विकायला निघाली की ती हमखास ‘सिंगल हँड, डॉक्टरची’ असते. एमएच-३७ मध्ये एवढे डॉक्टर कधी झाले, कोण जाणे!

त्यातून गाडी २०१३ची पोलो जीटी टीडीआय असेल, तर मालकाची पंचाईतच. १.६ लिटरचं इंजिन, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, सर्व्हिसिंगची पावतीन् पावती फायलीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे तो लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन सांगतो. गिऱ्हाईक सगळं शांतपणे ऐकतं आणि विचारतं, “ते राहू द्या भाऊ, ॲव्हरेज किती देते?” मग डिक्की उघडून सोयाबीनच्या पोत्यांचा अंदाज घेतं.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आलं, मारुतीनं डिझेल सोडलं आणि असल्या छोट्या, तापट डिझेल गाड्या दुर्मीळ झाल्या. मालकाच्या हिशेबी दुर्मीळ म्हणजे महाग. गिऱ्हाईकाच्या हिशेबी दुर्मीळ म्हणजे पार्टसाठी अकोल्याच्या चकरा. टॉर्क दाखवायला कारंज्याजवळ समृद्धीवर न्यावं, तर तिथंही १२०ची मर्यादा.

अखेर फॉर्म २९ आणि ३० टेबलावर येतात. “सह्या करून ठेवा, नावावर मग करू.”

आणि पैसे?

“सोयाबीन निंगू द्या ना भाऊ.”