सांगवीकर विरुद्ध सांगवीकर

मराठी घरात ‘कोसला’चा विषय जेवताना काढू नये. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. तेव्हापासून ताटातली भाजी निवते, पण हा वाद काही निवत नाही. एक पक्ष म्हणतो, खरी मराठी कादंबरी इथून सुरू होते. दुसरा म्हणतो, बापाच्या पैशांवर पुण्यात उंडारणाऱ्या पोराची रडकथा ती, तिचं एवढं काय कौतुक?

गोष्ट म्हटली तर साधीच. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, नको ते कारभार अंगावर घेतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. फडक्यांच्या कादंबऱ्यांतल्या नीटनेटक्या नायकांवर आणि रेखीव शेवटांवर वाढलेल्या वाचकाला हा माणूस पचेना. प्रेमातसुद्धा धड पडत नाही म्हणजे काय! वर ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांची अशी पेरणी, की वाचणाऱ्याच्या तोंडी ते पुढे कितीतरी दिवस राहतात आणि घरचे वैतागतात.

विरोधकांचं मुख्य हत्यार कंटाळा. पानंच्या पानं नुसत्या होस्टेलवरच्या गप्पा, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही. मला मात्र तीच पानं आवडतात. होस्टेलवर दुपार असते आणि तिच्यानंतर पुन्हा दुपारच होते, हे तिथे राहिलेल्याला ठाऊक असतं. ते चटपटीत करून सांगितलं असतं तर खोटं झालं असतं. पण कंटाळलेल्या माणसाला हे पटवणं म्हणजे कारलं न खाणाऱ्याला कारल्याचे गुण सांगणं. तो मान डोलावतो आणि वाटी सरकवतो.

समर्थकांची वेगळीच गंमत. नेमाड्यांनी पुस्तक अर्पण केलंय शंभरातल्या नव्व्याण्णवांना, आणि मला भेटलेला जवळजवळ प्रत्येक कोसलाप्रेमी स्वतःला उरलेला एक समजतो. ‘मी म्हणजे अगदी पांडुरंगच’ असं सांगणाऱ्यांत पेन्शनीचा हिशेब तोंडपाठ असलेले बँक अधिकारी आहेत. एक गृहस्थ तर कोचिंग क्लास चालवतात, पहिल्या फटक्यात पास करून देण्याच्या बोलीवर. मग एखादा जाणकार सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ मध्ये आणतो, ती १९५१ची आहे हेही सांगतो, आणि दोन्ही पुस्तकं न वाचलेल्यांना एकदम जोर चढतो.

मनीपाशी आल्यावर मात्र आवाज खाली येतात. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीने जाते. तिथे सगळी टवाळी गळून पडते आणि माणूस उघडा पडतो. कट्टर विरोधकसुद्धा म्हणतात, “ते मनीचं सोडून बोल.” आमची मावशी मात्र सोडत नाही. ती निवृत्त शिक्षिका, पुस्तक वाचलेली आणि वाचून चिडलेली. ती म्हणते, “पोराला पुण्यात वाया जायला एवढी वर्षं मिळाली. मनी जगली असती, तर तिला वाया जायला कुणी पाठवलं असतं का?” यावर आमच्याकडे अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. कुणीतरी ताक वाढायला लागतं.

खरं पक्षांतर घडतं ते फी भरताना. कॉलेजात पांडुरंगच्या बाजूने हमरीतुमरीवर येणारा माझा एक मित्र आता मुलाच्या होस्टेलचे हप्ते भरतो. हल्ली त्याने ‘कोसला’ पुन्हा वाचली, ती सरळ वडलांच्या बाजूने, पैशांचा उल्लेख आला की समासात पेन्सिलीने खुणा करत. “या बापाने कादंबरी लिहायला हवी होती,” तो मला म्हणाला. मी म्हटलं, बापाला वेळ कुठे होता?

मग धडा मिळेल म्हणून त्याने तीच प्रत मुलाच्या हाती दिली. मुलाने आधी जाडी पाहिली, मग चाळून शेवटाकडे गेला.

“बाबा, शेवटी याला प्लेसमेंट मिळते?”

“नाही.”

“मग निदान एखादी नोकरी?”

“कसली नोकरी! गावात बेकार बसून राहतो.”

“अरे वा,” मुलगा म्हणाला, “मग वाचतो.”