२८ सप्टेंबरचं विमान

ऑनसाइटचं, म्हणजे परदेशी नेमणुकीचं, पत्र आलं की मसाले, थर्मल, औषधं यांच्या याद्या होतात. दिवस मात्र कुणी मोजत नाही.

मोजा. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस इथे राहिला, की करापुरता तो निवासी. २८ सप्टेंबरला उडालात आणि मार्चअखेरपर्यंत परतला नाहीत, तर १८१ दिवस भरतात; तिथे कमावलेला आणि तिथेच मिळालेला पगार इथल्या कराबाहेर राहतो. ऑक्टोबरात उडालात, तर तोच पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण वेगळा फॉर्म भरून आणि पुरावे जोडून. त्यात अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळवताना जीव जातो. व्यवस्थापकाने सहज पुढे ढकललेला एक आठवडा एवढा महागात पडू शकतो.

अमेरिकेत याहून मोठा अन्याय होतो. तिथल्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरपोटी साधारण ७.६५ टक्के कापले जातात. पेन्शनचा हक्क मिळायला सुमारे १० वर्षांची वर्गणी लागते आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची नेहमीची कमाल मुदत ६ वर्षं. ग्रीन कार्डच्या रांगेत नसलेली मुलं परत येतात, पैसा तिथेच राहतो. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान यांच्याशी आपले सामाजिक सुरक्षा करार आहेत. पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र नेलं, की तिथली वर्गणी ठरावीक काळ टळते. अमेरिकेशी असा करार नाही. व्यापाराच्या प्रत्येक वाटाघाटीत दिल्लीने हा मुद्दा रेटायलाच हवा.

दोन-तीन वर्षांनी परतलात, तरी तिथलं बँक खातं, निवृत्ती निधी, शेअर इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागतात. २०१५च्या काळा पैसा कायद्यात लपवाछपवीला १० लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला आता दंडातून सूट मिळाली आहे, दाखवण्यातून नाही.

हे सगळं कंपनीच्या कर सल्लागाराला ठाऊक असतं. ते कर्मचाऱ्यापर्यंत पोचत नाही, याचा मला राग आहे. नेमणुकीच्या पत्रासोबत एक पान मागा: पगार कुठल्या देशातून, निघण्याच्या तारखेमुळे कर किती, दोन्हीकडची विवरणपत्रं कुणाच्या खर्चाने. ते हाती पडेपर्यंत तिकिटाला होकार देऊ नका.